जुन्या एच६१ बोर्डावर आय३ काढून आय७ बसवायचा आहे

रिकामा_स्लॉट :

नमस्कार मंडळी. एक जुना डेस्कटॉप अजून काही वर्षं चालवायचा आहे. सध्याचं सामान असं आहे : इंटेल कोअर आय३-२१००, एच६१ चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, सॉकेट एलजीए ११५५. रॅम ४ जीबीची एकच डीडीआर३-१३३३ पट्टी, दुसरा स्लॉट मोकळा. ५०० जीबी हार्डडिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएमपीएस ४५० वॅटचा. विंडोज १०, ६४ बिट. बायोसच्या (मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) पहिल्या पानावर २०११ ची तारीख दिसते.

काम म्हणजे ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, मोठ्या एक्सेल फायली आणि अधूनमधून १०८०पी व्हिडिओ कापून-जोडून एक्सपोर्ट. एक्सपोर्ट लावला की बाकी सगळं ठप्प होतं.

विचारायचं ते असं :
१) आय७-३७७० चं सॉकेटही ११५५ च आहे. सरळ बसवला तर चालेल का?
२) आय३ सोबत आलेला कूलर पुरेल का?
३) झिऑन ई३-१२३० व्ही२ हा स्वस्तातला आय७ असं बरेच जण म्हणतात. घ्यावा का?

जाणकारांनी सांगावं.

---

तिरपी_पिन :

बसेल. चालेल का, हे बायोस ठरवेल.

आय३-२१०० हा सँडी ब्रिज, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा, २०११ चा. आय७-३७७० हा आयव्ही ब्रिज, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. एच६१ बोर्ड आले तेव्हा आयव्ही ब्रिज बाजारात नव्हताच, त्यामुळे २०११ च्या बायोसमध्ये त्याची ओळखच नाही. तसाच बसवला तर पंखे फिरतील, स्क्रीन काळा राहील, आणि तुम्ही चिप खराब निघाली म्हणून विकणाऱ्याशी भांडत बसाल.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि रिव्हिजन शोधा. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' दिसतं, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेनबोर्ड टॅबमध्येही दिसतं. पण रिव्हिजनसाठी कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेलंच वाचा, ते बहुधा एखाद्या कोपऱ्यात किंवा रॅमच्या स्लॉटजवळ असतं. एकाच नावाच्या बोर्डाच्या १.० आणि २.० रिव्हिजनला वेगवेगळा बायोस असू शकतो, आणि चुकीचा चढवला तर आगीतून फुफाट्यात.

मग उत्पादकाच्या साइटवर त्या बोर्डाची प्रोसेसर सपोर्ट यादी उघडा. तिथे प्रत्येक चिपसमोर 'या बायोसपासून पुढे' असा आकडा असतो. आय७-३७७० त्या यादीत नसेल तर विषय संपला. मग सँडी ब्रिजमधलाच आय५-२४०० किंवा आय७-२६०० शोधा.

आता यातली खरी मेख. अपडेट जुना आय३ बोर्डावर असतानाच करायचा असतो. नवी चिप बसवल्यावर डिस्प्लेच येणार नाही, तर बायोस चढवणार कुठून? ६-सिरीज चिपसेटवर (एच६१ त्यातलाच) आणखी एक भानगड आहे. आयव्ही ब्रिजला मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र नियंत्रकाचं) फर्मवेअरही ७ वरून ८ वर न्यावं लागतं. काही बोर्डांवर ते बायोसच्या फायलीतच येतं, काहींवर ते वेगळं चढवावं लागतं, तर काहींवर आधी एक मधली आवृत्ती टाकून मगच शेवटची टाकायची असते. डाउनलोडच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली बारीक अक्षरात टीप असते, ती वाचल्याशिवाय फाइल उघडूसुद्धा नका. एकदा ८ वर गेलं की बहुतेक बोर्डांवर परतीची वाट नसते. अर्थात तिची गरजही पडत नाही, सँडी ब्रिज ८ वरही चालतो.

चढवताना पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा, छोटा आणि साधा घ्या. मागच्या बाजूच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा आणि बायोसच्या आतलंच फ्लॅशचं साधन वापरा. विंडोजमधून चढवणारी सॉफ्टवेअरं टाळा, मध्येच काही अडकलं तर बोर्ड जातो. यूपीएस असेल तर त्यावरच लावा. आणि हे सगळं करण्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई आहे की एएचसीआय, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कशासाठी ते पुढे कळेलच.

ब्रँडेड ऑफिस मशीन असेल तर जास्तच जपून. सॉकेट-चिपसेट सगळं जुळूनही उत्पादकाने बायोसमध्ये पुढची पिढी घातलेली नसते, आणि तिथे काही उपाय चालत नाही.

जाता जाता : सॉकेट एक म्हणजे जोडी जमली, हा समज इंटेलच्याच पुढच्या ११५१ सॉकेटने तर पार मोडीत काढला. १०० आणि २०० सिरीजचे बोर्ड सहाव्या-सातव्या पिढीचे, ३०० सिरीजचे आठव्या-नवव्या पिढीचे. आकार तोच, पण कंपनीच्या हिशेबाने एकाची चिप दुसऱ्यावर चालत नाही.

---

नॉर्थब्रिज :

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मुळात प्रोसेसरच आधी का?

टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन ठप्प होतं त्या क्षणी बघा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ३०-४० वर असेल तर दोष आय३ चा नाही. ४ जीबी रॅममध्ये विंडोज १०, वीस टॅब आणि एक्सपोर्ट म्हणजे अर्धा वेळ मशीन रॅममध्ये न मावणारी माहिती हार्डडिस्कवर इकडून तिकडे करतंय. तिथे आय७ बसवला तर तोही डिस्कची वाट बघत बसेल, एवढाच फरक.

माझा क्रम : एसएसडी, मग रॅम, मग प्रोसेसर. एच६१ ला साटा ३ गिगाबिटचेच पोर्ट आहेत, त्यामुळे एसएसडी सेकंदाला २८० एमबीच्या आसपास अडते, पूर्ण ५५० मिळणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मशीन चपळ वाटतं ते लहान-लहान फायली झटपट वाचल्याने, आणि तिथे हार्डडिस्क तिच्या जवळपासही येत नाही.

रॅम दोन सारख्या पट्ट्यांची घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांशी एकदम देवाणघेवाण) चालू होईल. तुमच्याकडे कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे हा फायदा तुम्हाला दुप्पट. दोन स्लॉटमध्ये मिळून कमाल १६ जीबी. आयव्ही ब्रिज डीडीआर३-१६०० घेतो, सँडी ब्रिज अधिकृतपणे १३३३ पर्यंतच. ८ जीबीच्या अति स्वस्त पट्ट्यांवर 'केवळ एएमडीसाठी' असं लिहिलेलं असेल तर हात लावू नका. त्यांच्यावरच्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर त्या ओळखल्याच जात नाहीत.

आता चिप कोणती. आय३-२१०० ला २ कोअर, ४ थ्रेड, ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग) नाही. आय५-३४७० ला ४ खरे कोअर, ३.२ आणि टर्बोवर ३.६. आय७-३७७० ला ४ कोअर, ८ थ्रेड, ३.४ आणि टर्बोवर ३.९. आय५ आणि आय७ दोन्ही ७७ वॅटच्या. टॅब आणि एक्सेलसाठी आय५ आणि आय७ यांत फरक जाणवणार नाही. एक्सपोर्टमध्ये जाणवेल, कारण तिथे आठही थ्रेड कामाला लागतात. महिन्यातून दोन-चार व्हिडिओ करत असाल तर आय५ घ्या आणि उरलेले पैसे एसएसडीत घाला. रोजचं काम असेल तरच आय७.

नावामागचं अक्षर नीट वाचा, फसगत तिथेच होते. आय५-३४७०टी मध्ये फक्त २ कोअर आणि ४ थ्रेड आहेत. नाव आय५ चं, करणी आय३ ची. 'एस' म्हणजे कमी वॅटची, पायाभूत वेग थोडा कमी, ती चालेल. 'पी', म्हणजे आय५-३३५०पी सारख्या, यांत ग्राफिक्सच नाही. 'के' वर जास्त पैसे घालू नका, ती वेग वाढवण्यासाठी असते, आणि एच६१ वर त्यासाठीचा गुणक वाढवता येत नाही.

झिऑन ई३-१२३० व्ही२ चिप म्हणून उत्तम : ४ कोअर, ८ थ्रेड, ३.३ ते ३.७ गिगाहर्ट्झ, ६९ वॅट. पण त्यात ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे कार्ड नाही, म्हणजे डिस्प्लेच येणार नाही. झिऑनच हवा असेल तर ई३-१२४५ व्ही२ बघा, त्यात ग्राफिक्स आहे. तो तुमच्या बोर्डाच्या यादीत आहे का, हे मात्र आधी पाहा. घरगुती बोर्डांच्या यादीत झिऑन बऱ्याचदा नसतात.

एसएमपीएसची वॅटेज पुरून उरते. आय७ आणि एसएसडी धरूनही हे मशीन दीडशे वॅटच्या आसपासच राहील. चिंता त्याच्या वयाची करा, आकड्याची नाही.

आणि एक गोष्ट उघड सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. तिसऱ्या पिढीतली कुठलीही चिप घाला, तो अडथळा हटत नाही. हे मशीन पुढे लिनक्सवर न्यायची तयारी असेल तर खर्च सार्थकी लागेल, आणि तिथे ते छान चालेल. एव्हीएक्स२ सूचना मात्र या पिढीत नाहीत, त्या हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या पिढीपासून आल्या. काही नवी सॉफ्टवेअरं त्यांच्याशिवाय उघडतच नाहीत, तेवढं तुमच्या एडिटरबाबत तपासा.

---

रिकामा_स्लॉट :

दोघांचे आभार. टास्क मॅनेजर पाहिला. टॅबच्या वेळी डिस्क १०० टक्के, एक्सपोर्टच्या वेळी प्रोसेसर १०० टक्के. म्हणजे दोन्ही रोग आहेत. आधी एसएसडी आणि ८ जीबी रॅम, मग आय५-३४७० असं ठरवतो. तो बोर्डाच्या यादीत आहे, मधली एक आवृत्ती टाकायला सांगितली आहे.

चिप सेकंडहँडच मिळेल. घेताना काय बघायचं? आणि कूलरचं राहिलंच.

---

पेस्टवाले :

चिप आधी उलटी करून बघा. एलजीएमध्ये पिना सॉकेटात असतात, चिपखाली नुसते सोनेरी ठिपके. ठिपके एकसारखे चमकले पाहिजेत. एखादा काळा किंवा जळका दिसला तर सोडून द्या. मधल्या भागात बारीक कपॅसिटर असतात, त्यातला एखादा उडालेला नको. हिरव्या पट्टीच्या कडा आणि कोपरे तपासा. वर धातूच्या झाकणावर मॉडेलचं नाव आणि 'एसआर' ने सुरू होणारा पाच अक्षरी कोड असतो, तो इंटरनेटवर टाकून मॉडेलशी जुळतो का पाहा. झाकणावर 'इंटेल कॉन्फिडेन्शिअल' लिहिलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे. तो तुमच्या बोर्डावर चालेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

कूलर : आय३ चा बुटका, अख्खा अॅल्युमिनियमचा असेल. तो ६५ वॅटच्या वर्गातला. ७७ वॅटवर मशीन बंद पडणार नाही, पण एक्सपोर्टला पंखा बोंबलेल. मध्ये तांब्याचा गोल गाभा असलेला उंच कूलर मिळाला तर तो घ्या. ११५५, ११५६, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांची भोकं ७५ मिलिमीटरवर आहेत, त्यामुळे यांतल्या नव्या मशीनचा कूलरही बसतो. एच६१ च्या साध्या बोर्डांवर व्होल्टेजच्या मॉसफेटवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) हीटसिंक नसतं. खाली वारा मारणारा कूलर त्यांनाही थंड ठेवतो, उभा टॉवर कूलर तो वारा मागे पाठवतो. इथे महागड्या टॉवरचा हट्ट नको.

काढणं. मशीन पाचेक मिनिटं चालवून गरम करा, जुनी पेस्ट मऊ होते. बंद करा, केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पंख्याची वायर आधी सोडवा. चारही काळ्या टोप्या त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. कूलर सरळ उपटू नका, डावी-उजवीकडे हलका पीळ देत उचला.

सॉकेटची दांडी खाली दाबून बाहेर सरकवा, मग वर. चौकट उघडते. चिप दोन बोटांनी कडांना धरून सरळ वर उचला. आता सॉकेट उघडं आहे, त्यात ११५५ पिना आहेत आणि एकीलाही कापूस, कापड, बोट लागता कामा नये. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. सगळ्या पिना एका लयीत चमकतात, वाकलेली असेल ती लगेच वेगळी दिसते.

नवी चिप ठेवताना दोन्ही कडांच्या खाचा आणि कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. ती आपल्या वजनाने बसली पाहिजे, दाबायची नाही. चौकट मिटा, तिची पुढची जीभ स्क्रूच्या डोक्याखाली गेली ना बघा, मग दांडी. शेवटच्या टप्प्यात दांडीला चांगलाच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण ते तसंच असतं. जोर जर सुरुवातीलाच लागत असेल तर थांबा, चिप तिरपी बसली आहे.

पेस्ट : कूलरचा तळ आणि चिपचं झाकण ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढा एक थेंब, बोटाने पसरायचा नाही. कूलरचा दाब तो पसरवतो. जास्त घातली तर कडांवरून सॉकेटात ओघळते.

कूलर बसवणं. सगळी गडबड इथेच होते. चारही टोप्या बाणाच्या उलट दिशेने थांबेपर्यंत फिरवून वर ओढा. पांढरे पाय बोर्डाच्या भोकांत उतरले ना, दुमडले नाहीत ना, हे आधी चारही कोपऱ्यांत वाकून पाहा. मग समोरासमोरच्या तिरप्या दोन टोप्या एकदम दाबा, 'टक' आवाज येईल. नंतर उरलेल्या दोन. शेजारशेजारच्या दाबल्या तर कूलर कलतो आणि चौथी पिन अर्धवट राहते. बोर्डाच्या मागून बघता आलं तर बघा : पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन बाहेर आलेली दिसली पाहिजे, चारही ठिकाणी. शेवटी पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या चार पिनांवरच लावा.

---

एएम४वाला :

मध्येच विचारतो. माझ्याकडे एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बी३५० बोर्ड आणि रायझन ५ १६०० आहे. ५६०० घालायचा आहे. यातलं किती लागू होतं?

---

पेस्टवाले :

बायोस आधी, चिप नंतर, हे तसंच. फरक दोन-तीन. एएम४ मध्ये पिना चिपला असतात, आणि सॉकेटची दांडी बंद असतानाही घट्ट चिकटलेली पेस्ट चिपला कूलरसोबत उपटून काढते. म्हणून गरम करणं आणि पीळ देणं तिथे जास्तच महत्त्वाचं. पिन वाकलीच तर दाढीच्या ब्लेडने रांगेत सरळ होते, हळू हाताने.

जुन्या बोर्डांची बायोसची चिप १६ एमबीची असते. नव्या प्रोसेसरना जागा करायला काही उत्पादकांनी जुन्यांचा सपोर्ट काढून टाकला. त्यामुळे टीप वाचा, कदाचित नव्या बायोसवर १६०० परत चालणार नाही. आणि ५६०० ला ग्राफिक्स नाही. कार्ड असेलच तुमच्याकडे, १६०० लाही नव्हतं.

---

रिकामा_स्लॉट :

शेवटचं एक. सगळं लावून बटण दाबलं आणि डिस्प्ले आला नाही, तर कुठून सुरुवात करू?

---

तिरपी_पिन :

पहिल्यांदा चालू करताना मशीन एक-दोनदा आपणच बंद-चालू होऊ शकतं. अर्धा-एक मिनिट थांबा, लगेच वायर उपटू नका.

तरीही काही नाही तर आधी ४ पिनी १२ व्होल्टची केबल बघा, सॉकेटजवळची. कूलर बसवताना ती काढली जाते आणि राहून जाते. ती नसेल तर पंखे फिरतात आणि बाकी शांतता. मग मॉनिटरची केबल बोर्डाच्याच पोर्टला आहे ना. मग एकच रॅम, आधी एका स्लॉटमध्ये, नंतर दुसऱ्यात. मग सीमॉस रिसेट, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग्ज पुसणं : केबल काढून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर. या वयाच्या बोर्डात नवा सेलच घाला.

चालू होऊन काही सेकंदांत बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद असं चक्र लागलं तर बायोस चिपला ओळखत नाही असं धरा. जुना आय३ परत बसवा आणि बायोसची आवृत्ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अपडेट 'झाला' असं वाटणं आणि होणं यांत फरक आहे.

डिस्प्ले आला पण रॅम अर्धीच दिसते, एका स्लॉटमधली पट्टी गायब? मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे दोष बहुधा सॉकेटकडे. कूलरचा दाब एकांगी झालाय, ठिपक्यांवर पेस्ट लागलीय किंवा पिन वाकलीय. आधी कूलर काढून पुन्हा नीट बसवा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

आणि आता त्या फोटोचं काम. सीमॉस रिसेट झाला किंवा बायोस बदलला की साटा मोड मूळ पदावर जातो, एच६१ वर तो पुष्कळदा आयडीई असतो. तुमचं विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं असेल तर निळा स्क्रीन येतो, 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लोक घाबरून विंडोज नव्याने टाकतात. बायोसमध्ये जाऊन मोड पूर्वीसारखा केला की झालं. तारीखही तिथेच लावा, ती २०११ ला गेली असेल तर ब्राउझर एकही सुरक्षित साइट उघडणार नाही.

---

नॉर्थब्रिज :

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये ४ कोअर आणि एका थ्रेडच्या कामात ३.६ गिगाहर्ट्झ दिसतात का बघा. नंतर तुमचाच वीस मिनिटांचा एक्सपोर्ट लावून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पाहा. ७०-८० अंशांत स्थिरावलं तर उत्तम. पहिल्या मिनिटातच ९० च्या पुढे गेलं तर कूलरची एक पिन अर्धवट आहे, पेस्ट बदलू नका, आधी मागून पिना बघा. आयव्ही ब्रिजच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्टच आहे, त्यामुळे एक कोअर बाकीच्यांपेक्षा पाच-सात अंश गरम दिसेल. त्यामागे लागू नका.